नाटकाच्या संहितेसाठी लिब्रेऑफिस रायटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या कोल्हापूरच्या हौशी ग्रुपची संहिता मी लिब्रेऑफिस रायटर या मोफत वर्ड प्रोसेसरमध्ये टाइप करतो. तालमीत संवाद रोज बदलतात, त्यामुळे हाताने बोल्ड करणं आणि स्पेस मारून ओळी जुळवणं बंद करायचं ठरवलं.

सगळा खेळ पॅराग्राफ स्टाइलचा, म्हणजे परिच्छेदाची मांडणी एकदाच ठरवून नाव दिलेल्या साच्याचा आहे. एफ११ दाबून ‘संवाद’, ‘रंगसूचना’, ‘प्रवेश’ अशा स्टाइल केल्या. ‘संवाद’ला डावीकडून साडेतीन सेंटिमीटर इंडेंट आणि पहिल्या ओळीला उणे साडेतीन. पात्राचं नाव, कोलन, टॅब, की संवाद आपोआप सरळ रेषेत येतो, दुसरी ओळही नावाखाली घुसत नाही. ‘प्रवेश’च्या पुढची स्टाइल ‘रंगसूचना’ ठेवली, त्यामुळे एंटर मारला की नेपथ्याचं वर्णन लगेच योग्य साच्यात सुरू होतं.

नावं बोल्ड करायला फाइंड अँड रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणं) चालू करून ^[^:]+: म्हणजे परिच्छेदाच्या सुरुवातीपासून पहिल्या कोलनपर्यंतचा मजकूर शोधायचा, ‘फाइंड ऑल’ करायचं आणि निवडलेल्या सगळ्या नावांना एकदम बोल्डची कॅरेक्टर स्टाइल (फक्त निवडलेल्या अक्षरांना लागणारी) लावायची. अख्खा अंक क्षणात होतो! मात्र कोलनच्या जागी विसर्ग टाइप केलेला असेल तर ते नाव सुटतं. कंसातल्या सूचनांना मी इटॅलिक लावत नाही. तिरकी देवनागरी वाचताना नट अडखळतात. त्यासाठी राखाडी रंग बरा.

फॉन्टचा आकार बदलूनही अक्षरं तेवढीच राहिली, तर स्टाइलच्या फॉन्ट टॅबमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा भाग बघा. देवनागरीचा आकार तिथे वेगळा ठरतो. दिग्दर्शकांनी मोठी अक्षरं मागितली तेव्हा तिथे १४ केलं आणि सगळे संवाद एका फटक्यात बदलले. ‘संवाद’ची भाषाही तिथेच ‘नन’ ठेवलीय. ‘काय करायलाईस?’, ‘आलास व्हय?’ अशा आपल्या बोलीखाली तांबड्या रेघा नकोत. ती बोली चुकीची नाहीच.

श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या जुन्या संहिता आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, त्याला इलाज नाही. मोबाइलवर फाइल उघडली की मांडणी विस्कटते, म्हणून व्हॉट्सअॅपवर मी पीडीएफच टाकतो. या सगळ्या स्टाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह केल्यात. पुढची एकांकिका त्याच फाइलवर सुरू झालीय.