घोट्यावरची निळी पट्टी: सहा महिने वापरल्यावर

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी, स्टेशनबाहेरच्या एका डुगडुगणाऱ्या पेव्हर ब्लॉकवर माझा उजवा पाय मुरगळला. 'कट्' असा आवाज मला तरी ऐकू आला. बरोबरचा मित्र म्हणतो छत्रीचा असेल. संध्याकाळपर्यंत घोट्याचं हाड सुजेत बुडून गेलं होतं. आईने रात्री आंबेहळद-तुरटीचा लेप लावला, सकाळी पाय पिवळा आणि निळा असा दोन्ही.

डॉक्टरांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेने दाबून पाहिली, मग चार पावलं चालायला सांगितलं. हाडावर दुखलं नाही आणि लंगडत का होईना चाललो, म्हणून एक्स-रे टळला. बाहेरच्या बाजूचं, पुढचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) थोडं फाटलंय म्हणाले. पाय आत वळला की सगळ्यात आधी तेच जातं.

दोन आठवड्यांनी सूज उतरली, पण डोंबिवली स्टेशनचा जिना उतरताना जीव मुठीत. तेव्हा लेकीने काइनेसिओलॉजी टेप मागवली, म्हणजे कातडीवर चिकटवायची, ताणली जाणारी रंगीत पट्टी. "बाबा, ऑलिम्पिकवाले लावतात." खरं आहे ते. ही टेप सत्तरच्या दशकात जपानच्या केन्झो कासे यांनी काढली, आणि २००८ला बीजिंगमध्ये बीच व्हॉलीबॉलच्या केरी वॉल्शच्या खांद्यावर दिसल्यापासून जगभर गाजली. आमच्या घरी मात्र ती आली ती निव्वळ निळा रंग छान आहे म्हणून. (रंगाने काही फरक पडत नाही. गुलाबी घेतली तरी तेवढीच.)

पहिल्यांदा लावली तेव्हा मी सरळ आडदांडपणा केला. जितकी ओढेल तितकी ओढून, टोकापर्यंत ताणून चिकटवली. घट्ट बसली की आधार जास्त, असा हिशोब. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांपाशी कातडी लाल, आणि एका ठिकाणी पाण्याने भरलेला हरभऱ्याएवढा फोड. टेपची टोकं दोन-दोन बोटं अजिबात न ताणता ठेवायची असतात, ताण फक्त मधल्या भागाला, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं. चष्मा लावून नंतर वाचलं.

आता बसलेली पद्धत अशी. अंघोळीनंतर लावायची नाही, कातडी ओलसर असते; मी रात्री जेवणाआधी लावतो. पाय कोरडा पुसायचा, तेल-क्रीम काही नको, केस दाट असतील तर कात्रीने कमी करायचे. पट्टीचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर मोज्यात अडकून उचकटतात. पाऊल नडगीशी काटकोनात धरायचं. पहिली पट्टी आतल्या घोट्याच्या वरून सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर न्यायची, रिकिबीसारखी, टाचेखालून वर जाताना अर्ध्या ताणावर. दुसरी पावलाच्या वरून घोट्याभोवती आडवी. मग तळहाताने मिनिटभर जोरात चोळायची, कारण गोंद उबेने धरतो. बायको म्हणते, "पुऱ्यांची कणीक मळताना एवढं बळ कधी दिसलं नाही."

रोल पाच सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब. एका वेळी साधारण पासष्ट सेंटिमीटर लागते, म्हणजे सात-आठ वेळा होते. पाकिटावर पाच दिवस टिकते म्हणून लिहिलेलं. जुलैच्या मुंबईत, बंद बूट आणि नायलॉनचे मोजे घालून? दोन दिवस, फार तर अडीच. दुसऱ्या संध्याकाळी कडेला मोज्याच्या काळ्या तंतूंची झालर, आणि टाचेखालची पट्टी वळकटी होऊन बुटात टोचते. नोव्हेंबरपासून मात्र चार दिवस आरामात जातात. मध्ये एक स्वस्तातला रोलही घेऊन पाहिला. तो गाडी ठाण्याला पोचेपर्यंत सुटला.

काढताना झटका द्यायचा नाही. वरून खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं थांबायचं, मग एका हाताने कातडी मागे दाबत, केसांच्या दिशेने हळूहळू सोडवायची. खाज सुटली किंवा बोटं बधिर वाटली, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच काढा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये.

आता मुख्य प्रश्न, आधार मिळतो का? ऑगस्टमध्ये माझा समज असा होता की मिळतो. जिना उतरताना भीती गेली होती, म्हणून टेप लावून रविवारी बॅडमिंटनला गेलो. तिसऱ्याच गेममध्ये नेटजवळ पाय परत तसाच वळला. टेप जागच्या जागी, एक कोपरासुद्धा निघाला नव्हता, आणि घोटा सुजलेला.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. बाईंनी टेपचा एक तुकडा माझ्यासमोर ओढून दाखवला, तो जवळजवळ दीडपट लांब झाला. "एवढी ताणणारी गोष्ट शंभर किलो वजनाला अडवेल का, काका?" (माझं ब्याऐंशी आहे, पण मुद्दा कळला.) पाय वळण्यापासून अडवायचा तर न ताणणारी कडक टेप किंवा लेस बांधायचा ब्रेस लागतो, आणि ती कडक टेपही खेळता खेळता सैल होते. ही रंगीत टेप ताणून लावली काय आणि तीच न ताणता लावली काय, फरक फारसा दिसत नाही, असंही त्या म्हणाल्या. त्यांनी दिलेला खरा इलाज फुकट होता: दात घासताना एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग घडी केलेल्या टॉवेलवर. पहिल्या आठवड्यात बेसिनचा नळ दोनदा हाताने उपटायचा राहिला. आता डोळे मिटून अर्धा मिनिट उभा राहतो.

तरी टेप मी टाकून दिली नाही. ज्या दिवशी कल्याणपासून उभ्याने जायचं असतं किंवा गणपतीत पायी फिरणं होतं, त्या दिवशी लावतो. कातडीवर तिचा सतत हलका ओढा जाणवतो, त्यामुळे पाय कुठे पडतोय इकडे लक्ष राहतं, आणि ठणका थोडा कमी वाटतो. मनाचा खेळ असेलही; फलाटावर मला तो चालतो. बॅडमिंटनला मात्र ब्रेसच, टेप नाही.

घ्यायची असेल तर एकच रोल घ्या, मध्यम किमतीचा, सुती कापडाचा. आणि पाय नुकताच मुरगळला असेल, चार पावलंही टाकता येत नसतील, तर टेप मागवत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

तो स्वस्तातला रोल लेकीने सायकलच्या हँडलला गुंडाळलाय. तिथे तो अख्ख्या पावसाळ्यात एक इंच सुटला नाही.