एम. एस. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजी: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात बाबांच्या खात्यात परताव्याचे पैसे जमा झाले आणि मी हे लिहायला घेतलं. पैसे आले ते एका खासगी विद्यापीठाकडून; ते प्रकरण पुढे सांगते. त्यांची जागा सोडून मी जिथे गेले, त्याबद्दल आधी: बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतला, फाइन आर्ट्स फॅकल्टीतला म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम. पात्रता, विषय वगैरे माहितीपत्रकात मिळतं, त्यात शिरत नाही.

प्रवेश घेताना माझ्याकडे तीन कारणं होती. घर बडोद्यातच, दांडिया बाजारात, म्हणजे खोलीभाडं आणि खानावळ वाचली. माध्यम इंग्रजी. आणि विभाग जुना: १९५२ साली सुरू झालेला हा देशातला पहिला म्युझिऑलॉजी विभाग. कोलकाता विद्यापीठाचा १९५९चा, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाची संस्था १९८९ची. दिल्लीचं आकर्षण होतंच, पण तिथे दोन वर्षं राहायचं म्हटलं की आमच्या घरचा हिशेब बसत नव्हता. "गावात आहे ते सोडून पैसे घालवायला लांब कशाला जायचं?" असं आजीचं म्हणणं, आणि मलाही ते पटत होतं.

आता विचाराल तर या तिन्हींच्या वर एक चौथं कारण आहे, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात नाही. ज्या वस्तूंबद्दल वर्गात बोलणं चालतं, त्या मूळ वस्तू इथे सायकलच्या टप्प्यात आहेत. मी दिवसभर याच एका गोष्टीबद्दल बोलत असते, घरचे कंटाळलेत, पण मला याच्यासमोर बाकी सगळं दुय्यम वाटतं.

कमाटीबागेतलं बडोदा म्युझियम घ्या. संग्रहालयाची इमारत १८९४ची. शेजारची पिक्चर गॅलरी बांधायला घेतली १९०८ला, पूर्ण झाली १९१४ला आणि उघडली थेट १९२१ला, कारण महायुद्धामुळे युरोपातली चित्रं तिकडेच अडकली होती. वर्गात शिकवतात की तैलचित्रावर साधारण २०० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड चालतो आणि कागदावरच्या लघुचित्रावर ५०च्या वर नको. हे आकडे पाठ करायला पाच मिनिटं लागतात. पण खिडकी कुठे आहे, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर सरकतं, चित्रावरच्या काचेत समोरचा दिवा कसा दिसतो, हे बघायला तिथे जाऊन उभंच राहावं लागतं, आणि एकदा जाऊन भागत नाही. पावसाळ्यात जा, मग एप्रिलच्या उन्हात परत जा. बाहेरगावच्या माणसाला हे दोनदा परवडणार नाही. मला पेट्रोलसुद्धा लागत नाही.

त्यातही अकोट्याच्या ब्राँझमूर्तींपाशी माझे सगळ्यात जास्त तास जातात. १९५१च्या सुमारास इथेच अकोट्याला सापडलेला हा जैन मूर्तींचा साठा. मेण वितळवून ओतकाम केलेल्या मूर्ती, आणि त्यातल्या कितीतरी मूर्तींच्या डोळ्यांत, मुकुटात, वस्त्रांच्या नक्षीत चांदी आणि तांबं जडवलेलं. पुस्तकातल्या फोटोत ते डोळे नुसते पांढरे ठिपके दिसतात. समोर उभं राहून थोडं डावीकडे सरकलं की चांदीवर उजेड पडतो आणि चेहराच पालटतो.

मी बीएस्सी केमिस्ट्रीची. ब्राँझला लागणारा रोग समजून घेतला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपली तीन वर्षं कामी आली. धातूच्या पोटात क्लोराइड दडलेलं असतं; हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची भुकटीसारखी फिकट हिरवी पूड होते, त्यातून आम्ल सुटतं, ते पुन्हा आतला धातू खातं आणि चक्र चालूच राहतं. जुन्या ब्राँझवरचा घट्ट, गुळगुळीत हिरवट थर वेगळा. तो राखायचा असतो. टोकदार काडीने सुटून येणारी पूड दिसली की मूर्तीला धोका आहे. त्याच दिवशी घरी येऊन देवघर पाहिलं. आजीची लग्नातली अन्नपूर्णा दर सणाला चिंच आणि मिठाने घासली जाते. मीठ म्हणजे क्लोराइडच. "आजी, चिंच चालेल, पण मीठ नको, आणि धुतल्यावर लगेच कोरडी कर." आजीने हातातली वाटी खाली ठेवली, मूर्ती खिडकीशी नेऊन पाठीमागच्या खाचा पाहिल्या आणि म्हणाली, "इथे हिरवं दर वर्षी येतं गं, मला वाटायचं पाणी राहतं." आता ती मऊ ब्रशने पुसते.

बाकी ठिकाणं थोडक्यात. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, बडोद्याच्या दिवाणांचं घर, आत एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं. विश्वामित्रीकाठचं कीर्तिमंदिर, तिथे चित्रकार नंदलाल बोस यांची. दोन्हीकडे भिंत हीच वस्तू आहे, ती उचलून कपाटात ठेवता येत नाही. भिंतीत ओल चढली की चित्र गेलं. ऑगस्ट २०२४चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना नदीकाठच्या भिंतींची काळजी वेगळी समजवावी लागत नाही.

इंग्रजी माध्यमाबद्दल मात्र माझं मत बदललं. सुरुवातीला तो मोठा फायदा वाटला होता. लेख वाचायला तो आहेही. पण बडोद्याच्या वस्तूंबरोबर जे कागद येतात, ते इंग्रजीत कमी आणि गुजराती-मराठीत जास्त. गायकवाडी दप्तरातले जुने कागद तर मोडीत. इथल्या मराठी घरांतल्या मुलांनी मोडी शिकून घेतली तर त्यांच्या हाती जे येईल, ते दिल्लीतल्या कुठल्या विद्यार्थ्याच्या हाती सहजी लागणार नाही. मी पणजोबांच्या एका पत्रापासून सुरुवात केली आहे. एका पानाला एक संध्याकाळ जाते, तरी जाऊ देते.

आता त्या पैशांचं. खबरदारी म्हणून बाबांनी त्या खासगी विद्यापीठात डिझाइनची जागा पैसे भरून धरून ठेवली होती. एम. एस.चा प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी मी लेखी रद्द कळवलं. त्यांची प्रवेशाची शेवटची तारीख तेव्हा महिनाभर लांब होती. उत्तर आलं, बुकिंगची रक्कम परत मिळत नाही. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८चा नियम स्वच्छ आहे: शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, प्रक्रियेपोटी ५ टक्के कापता येतात, तेही ५००० रुपयांच्या आतच. मूळ प्रमाणपत्रंही अडकवून ठेवता येत नाहीत. मी नियम जोडून मेल पाठवत राहिले, फोनवरचा माणूस दर वेळी बदलत राहिला. शेवटी यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली, तेव्हा हालचाल झाली. बाबांच्या घामाचे पैसे आहेत, ते मी सोडणार नव्हतेच. तुम्हीही सोडू नका. रद्द केल्याचं कळवाल ते मेलनेच, फोनवर मुळीच नाही, आणि पावती जपून ठेवा.

नोकरीचं विचाराल तर सरळ सांगते: सरकारी संग्रहालयांच्या जागा क्वचित निघतात, आणि निघाल्या तरी मोजक्याच. लगेच पगार हवा असेल तर हा अभ्यासक्रम घेऊ नका. पण शास्त्र शाखेतून आला असाल आणि हाताने काम करायची आवड असेल तर जरूर या. अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा. सकाळी रावपुऱ्यात तांबेकर वाडा, दुपारी कमाटीबागेत म्युझियम. अकोट्याच्या मूर्तींसमोर फोन खिशात ठेवून पाऊण तास थांबा, आणि काचेच्या कपाटातला आर्द्रतामापक दिसला तर त्याचा आकडाही वाचा.