आंतीबचा ग्रिमाल्दी किल्ला: पिकासोच्या नादात गच्ची सोडू नका

दक्षिण फ्रान्समधल्या आंतीब गावच्या या किल्ल्यात, म्हणजे आताच्या पिकासो म्युझियममध्ये, मागच्या वेळी टूरबरोबर आलो तेव्हा गाइडने घड्याळ लावून पाऊण तास दिला, त्यात वरचे पिकासो बघता बघता वेळ संपला आणि गच्ची राहिलीच. म्हणून यंदा नीसहून ट्रेन पकडून स्वतःच गेलो, सासूबाईंना घेऊन.

किल्ला एकदम समुद्राच्या तटावर. १३८५ पासून ग्रिमाल्दी घराण्याकडे, नंतर राजाच्या गव्हर्नरचं घर, टाउन हॉल, सैन्याची बराक, शेवटी १९२५ ला नगरपालिकेने विकत घेऊन म्युझियम केलं. १९४६ च्या शरद ऋतूत पिकासोला इथे वरचा मजला स्टुडिओ म्हणून मिळाला, नुकतंच युद्ध संपलेलं, कॅनव्हास मिळेना, तर पठ्ठ्याने होड्यांचा रंग नि फायबर-सिमेंटचे पत्रे वापरले! सी-अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) खाणाऱ्या माणसाचं चित्र तर कुणा सेनापतीच्या जुन्या पोर्ट्रेटवरच रंगवलंय म्हणे. जाताना २३ पेंटिंग्ज आणि ४४ ड्रॉइंग्ज इथेच ठेवून गेला. पण त्याची पुस्तकातली फेमस चित्रं शोधायला जाल तर हिरमोड होईल, ती इथे नाहीत.

माझे पैसे वसूल झाले ते गच्चीवर. जर्मेन रिशिए या शिल्पकार बाईंनी घडवलेल्या ब्राँझच्या बायका कठड्यापाशी रांगेने उभ्या आहेत, काटकुळ्या, अंगावर खड्डे नि चिरा, मागे निळाशार समुद्र. सासूबाई एकीला अगदी जवळून न्याहाळत म्हणाल्या, "अगं, हिला वाळवी लागलीये का?" मी हसले खरी, पण मग माझंही तिकडेच लक्ष जायला लागलं, खरंच ती पाठ पोखरलेल्या लाकडासारखीच दिसते आणि ऊन सरकलं की त्या खड्ड्यांतल्या सावल्याही सरकतात, त्यामुळे पाच मिनिटांनी बघितलं तर बाई वेगळीच. आत पांढऱ्या भिंतीपुढे ह्यांना ही मजा आली नसती. मिरो या स्पॅनिश कलाकाराचं समुद्रदेवीचं शिल्पही इथेच आहे, पण मला रिशिएपुढे ते फिकं वाटलं, असो.

खाली जवळच मार्केट आहे, तिथे सोक्का खा, म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त भट्टीत भाजलेलं. सकाळीच जा कारण मार्केट दुपारी उठतं, आणि सोमवारी म्युझियम बंद असतं.