अंगणवाडीतलं पाळणाघर: आठ महिने वापरल्यावर

दिवाळी झाल्यावर आठवडाभरात आमच्या अंगणवाडीच्या सेविकाताई दारात आल्या. "आपल्या अंगणवाडीला पाळणाघर जोडलंय, बाळाचं नाव घालू का?" मी आधी पैसे किती ते विचारलं. काही नाही म्हणाल्या. मग किती वाजेपर्यंत ते विचारलं. साडेचार म्हणाल्या. मी हो म्हणाले, पण मनातून विश्वास बसला नव्हता. आज त्याला आठ महिने झाले. मुलगा तेव्हा चौदा महिन्यांचा होता, आता बावीस महिन्यांचा आहे. आमच्या कारखान्यातल्या बायका रोज याबद्दल विचारतात आणि जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मी शाळेचे गणवेश शिवते, जुकी मशीनवर, पीसच्या हिशेबानं. कारखाना म्हटलं तरी एका घराच्या तळमजल्यावरच्या पंधरा मशिनी. हे यंत्रमागावर टॉवेलच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी. सासूबाई घरी विड्या वळतात. मोठी मुलगी मनपाच्या शाळेत. जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये तीसहून जास्त बायका असतील तर पाळणाघर द्यावं लागायचं, २०१७ च्या प्रसूती लाभाच्या दुरुस्तीत पन्नास कामगारांची अट आली. पंधरा मशिनींच्या कारखान्याला यातलं काहीच लागू होत नाही, आणि इथे बहुतेक बायका अशाच कारखान्यांत बसतात. खाजगी पाळणाघर विचारलं होतं. महिन्याला अठराशे सांगितले, दूध-जेवण आपलं.

तोवर बाळ सासूबाईंजवळ असायचं. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. तान्हं होतं तोवर ठीक चाललं. रांगायला लागल्यावर त्याचा हात सरळ सुपात जायचा आणि तोच हात तोंडात. खोकला सुटायचाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावायच्या आधी विचारलं, "घरात विडी वळता का?" सासूबाईंना मी एका शब्दानं दोष देणार नाही. त्यांनी त्याला जीव लावूनच सांभाळलं. पण हात थांबला की विड्या थांबतात, आणि ठरलेल्या विड्या कारखान्यात भरल्या नाहीत तर दिवस बुडतो. बाळाकडे बघायचं की सुपाकडे, असा त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न होता.

आणि माझ्यापुढचा प्रश्न मोठीचा होता. गणवेशाचा सीझन फेब्रुवारी ते जून. त्यात मालक सुट्टी देत नाही आणि मलाही ती परवडत नाही, कारण वर्षाची कमाई त्या पाच महिन्यांत होते. गेल्या वर्षी सासूबाईंची कंबर धरली होती, म्हणून मोठीला मी घरी ठेवलं. एक दिवस, दोन दिवस म्हणता म्हणता फेब्रुवारी ते एप्रिल तिचे एकेचाळीस दिवस बुडाले. ती पाचवीत होती. पाचवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. कशीबशी पास झाली. प्रगतिपुस्तकावरचा तो गैरहजेरीचा आकडा मी अजून विसरले नाही.

आता योजनेबद्दल जेवढं समजून घेतलं तेवढं. ही केंद्राच्या महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमातली 'पाळणा' योजना. आधी तिला राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणायचे. खर्चाचे साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. मूल सहा महिने ते सहा वर्षांचं हवं. एका पाळणाघरात जास्तीत जास्त २५ मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास. देशभरात १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचं लक्ष्य ठेवलं होतं. महाराष्ट्रात २०२५ मध्ये ३४५ मंजूर झाली. आपल्या राज्यात अंगणवाड्या एक लाख दहा हजारांच्या वर आहेत. त्यातल्या ३४५ मध्ये आमची आली, हे आमचं नशीब. माझी बहीण दुसऱ्या तालुक्यात असते, तिच्या आसपास एकही नाही.

नाव घालताना बाळाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आम्हा दोघांचं आधार, दोन फोटो आणि न्यायला कोण येणार त्यांची नावं व नंबर एवढंच लागलं. एका ठिकाणी मात्र अडवलं. तुम्ही कामाला जाता याचा दाखला मालकाकडून आणा म्हणाले. पीसवाल्या बाईला मालक कसला दाखला देणार? उद्या आपल्यावर काही येईल म्हणून तो कागदावर सही करत नाही. मी चार दिवस खेटे घातले. शेवटी सेविकाताईंनी योजनेच्या लेखी सूचना काढून दाखवल्या. आई नोकरीला असो वा नसो, मुलाला घ्यायचं असंच त्यात आहे. तुम्हाला कोणी असा दाखला मागितला तर परत फिरू नका, सूचना दाखवा म्हणा.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, ते लपवणार नाही. बाळ माझा पदर सोडायचं नाही. मी मशीनवर बसायचे आणि कानात त्याचं रडणं वाजायचं. एक दिवस तीन कॉलरी उलट्या लावल्या, त्या उसवून परत लावाव्या लागल्या. पाळणाघराच्या ताईंनी मला सांगितलं, "दारात रेंगाळू नका. त्याला सांगून जा, लपून जाऊ नका. आणि तुमच्या अंगावरची एक जुनी ओढणी देऊन ठेवा." ओढणी दिली. तिला धुवायचं नाही असंही त्यांनी बजावलं, आईचा वास राहू दे म्हणाल्या. घरी त्याला झोळीची सवय, तिथे सतरंजीवर झोपायचं. ताई त्याला खांद्यावर टाकून खोलीभर फिरायच्या. सोळाव्या दिवशी मी न्यायला गेले तर तो ती ओढणी डोक्यावर घेऊन दुसऱ्या एका पोराशी लपाछपी खेळत होता. मला बघून हसला आणि परत ओढणीखाली गेला. त्या संध्याकाळी मी यांना फोन करून सांगितलं, यांची पाळी सुटायची वाटसुद्धा बघवली नाही.

खाणं चांगलं आहे. सकाळी नाश्ता, दुपारी गरम खिचडी किंवा उसळ-भात, चार वाजता केळं, अंडं असं काहीतरी. खिचडीत भाज्या जरा जास्त पडल्या तर बरं, एवढंच माझं म्हणणं. दर महिन्याला वजन होतं, पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवर, चढतं. नाव घातलं तेव्हा ७ किलो ७०० ग्रॅम होता, कमी वजनात धरला होता. गेल्या महिन्यात ९ किलो ७०० भरला आणि सेविकाताई म्हणाल्या, आता साधारणमध्ये आला. खोकलाही पुष्कळ कमी झालाय. तो पूर्ण गेला नाही, कारण संध्याकाळी घर तेच आहे.

तीन वर्षांखालच्या मुलांशी काय खेळायचं, काय बोलायचं याचा 'नवचेतना' म्हणून अभ्यासक्रम आहे, त्याप्रमाणे ताई रोज काही ना काही घेतात. बाटलीत खडे घालून वाजवणं, डब्यांवर डबे रचणं, चित्र दाखवून नाव घेणं. महागाची खेळणी नाहीत. पण कुणीतरी समोर बसून बाळाशी बोलतंय, हे आमच्या घरात दिवसा कधी होत नव्हतं. आमच्या गल्लीत घरोघरी तेलुगू बोलतात, आम्ही मराठी. तो आता पाणी दोन्ही भाषांत मागतो.

पाण्यावरून आठवलं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. पाळणाघराला लंगोट-चड्ड्या धुवायला, भांड्यांना, मुलांना पुसायला किती पाणी लागतं ते घर चालवणाऱ्या बाईला सांगायला नको. मदतनीस मावशी पाणी सुटलं की आधी पाळणाघराचे दोन बॅरल भरतात आणि मग स्वतःच्या घरचं. मंजुरी देताना खोली, पंखा, शौचालय बघितलं जातं, पण टाकी आहे का हेही बघायला हवं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालची ती खोली दुपारी तापायची. आम्ही सगळ्या आयांनी मिळून जुन्या चादरी जोडून एक मोठा पडदा शिवला. मावशी तो ओला करून खिडकीला लावायच्या. शिवण आमच्या हातचं काम, ते आम्ही दोन रात्रींत केलं.

आता जे दुखलं ते. फेब्रुवारीत, ऐन सीझनच्या तोंडावर, ताईंनी काम सोडलं. मानधन काही महिने आलंच नव्हतं. कुठे अडकलं ते त्यांनाही कुणी धड सांगितलं नाही. बारा दिवस पाळणाघर बंद. बारा दिवस मी अर्धा दिवस कामाला गेले आणि सात दिवस मोठीला पुन्हा घरी ठेवलं. नवीन ताई आल्या तेव्हा बाळ पुन्हा आठवडाभर रडलं, त्याला नवीन वास, नवीन आवाज.

मी कागदावर हिशेब मांडला. पाळणा सेविकेला, म्हणजे ताईंना, महिन्याला ५,५०० रुपये. २६ दिवस गुणिले साडेसात तास म्हणजे १९५ तास. तासाला अठ्ठावीस रुपये पडतात. मदतनीस मावशींना ३,०००, म्हणजे तासाला पंधरा-सोळा. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांना या जादा कामाचे १,५०० आणि ७५० मिळतात. सीझनला मशीनवर मला तासाला याहून जास्त सुटतात, आणि मी कापड शिवते. ताई माणसांची पोरं सांभाळतात, बारावी पास आहेत, सतरा-अठरा मुलांचं शी-शू, जेवण, झोप, पडणं-झडणं बघतात. एवढ्यावर बाई किती दिवस टिकेल? आणि बाई बदलली की दीड वर्षाच्या मुलासाठी अख्खं पाळणाघर बदलतं. भिंती त्याच राहतात, पण मूल भिंतींना ओळखत नाही. या योजनेत सरकारला एकच गोष्ट सुधारायची असेल तर मी म्हणेन, ताईंचं मानधन वाढवा आणि दर महिन्याला ठरल्या तारखेला द्या.

दुसरी अडचण वेळेची. पाळणाघर नऊ ते साडेचार. माझा कारखाना साडेनऊ ते साडेसहा. मोठीची शाळा पाचला सुटते. साडेचारला सासूबाई आणतात, पण ज्या दिवशी त्यांना विड्या भरायला जावं लागतं त्या दिवशी शेजारच्या काकू आणतात. त्या नसल्या तर मी चारलाच उठते आणि उरलेले पीस घरी आणून रात्री जेवणानंतर शिवते. पाळणाघर नोकरी करणाऱ्या आईसाठी असेल तर ते आईच्या सुट्टीच्या आधी दोन तास बंद होऊन कसं चालेल? घरकामाला जाणाऱ्या बायकांना साडेचार पुरतं. मशीनवरच्या, दुकानातल्या, दवाखान्यातल्या बायकांना पुरत नाही. आमच्यातल्या दोघींनी याच कारणानं नाव काढून घेतलं.

आजारी मूल ते घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पावसाळ्यात डोळे आले तेव्हा चार दिवस घरी राहावं लागलं. तेवढी मजुरी गेली, त्याला इलाज नाही.

मला लाडक्या बहिणीचे दीड हजारही येतात. बायका विचारतात, दोन्हीतलं एक निवड म्हटलं तर काय घेशील? मी पाळणाघर घेईन. दीड हजार किराण्यात जातात, ते हवेतच, नाही म्हणत नाही. पण पाळणाघरानं मला रोजचे सात तास दिले, डोक्यात चिंता नसलेले. आधी सहा-सात हजारांच्या वर माझी कमाई जात नव्हती. यंदा सीझनचे तीन महिने दहा हजारांच्या वर गेली. आणि मोठी फेब्रुवारी ते एप्रिल शाळेत गेली. ते बंद काळातले सात दिवस सोडले तर तिचा एकही दिवस बुडाला नाही. सहावीच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी 'नियमित' लिहिलंय. पाळणाघर धाकट्याच्या नावावर आहे, पण मला विचाराल तर त्याचा जास्त उपयोग मोठीला झाला. कोणत्याही सरकारी तक्त्यात हे येत नसेल, कारण तिथे फक्त सहा वर्षांखालची मुलं मोजतात.

ज्यांच्या अंगणवाडीला पाळणाघर आहे त्यांनी सीझनच्या आधी, दिवाळीच्या सुमारास नाव घाला. सीझन सुरू झाल्यावर घातलं तर रडण्याचे पंधरा दिवस आणि कामाची घाई एकत्र येते. पहिल्या आठवड्यात दोन तास, मग चार तास असं वाढवत न्या. ओढणी द्या. ताईंना मुलाच्या खाण्याच्या खोडी आधीच सांगा. आणि महिन्यातून एकदा तासभर स्वतः जाऊन बसा. तपासायला म्हणून जाऊ नका, हातभार लावायला जा. आपोआप सगळं दिसतं.

जूनमध्ये आम्ही आयांनी एक अर्ज दिला आहे. मोठीनं तो सुवाच्य अक्षरात लिहिला. मागण्या दोनच: वेळ साडेसहापर्यंत करा, आणि त्या जादा तासांचे पैसे ताईंना आणि मावशींना वेगळे द्या. त्यावर चौदा सह्या आहेत आणि तीन अंगठे, त्यातला एक सासूबाईंचा. पोच घेतली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या सोमवारी आम्ही चौघी परत विचारायला जाणार आहोत.