जपानी पंखा: कागदी घ्यावा की कापडी?

क्योतोहून भेट म्हणून सेन्सू, म्हणजे घडीचा पंखा आणायचाय आणि कागदी की कापडी ते ठरत नाहीये? दुकानात तो उलटा करून पाहा. कागदीत बांबूच्या काड्या ‘वाशी’ या जपानी कागदाच्या थरांमध्ये सरकवलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही बाजू साफ. कापड सहसा एकाच बाजूने चिकटवतात; मागून काड्या उघड्या दिसतात. वारा कागदीचा जास्त, कापडातून थोडा निसटतो. पण कागद घडीवर फाटतो, आपल्या पावसाळ्यात सादळतोही. हाताने केलेले दोन्ही महागच. ‘पारंपरिक’ असं लेबल तर कशावरही असतं, तिकडे बघूच नका.

पर्समध्ये कोंबून लोकलमध्ये वापरायचा असेल तर कापडी. आत्याच्या शोकेससाठी कागदी. फक्त तिला सांगा, उघडताना अंगठ्याने हळूहळू सरकवायचा, झटका द्यायचा नाही.