आरसिंकने एसएसडीवर नेलेली डेबियन : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या संगणकातील १ टीबीच्या हार्ड डिस्कवर बसवलेली डेबियन १२ (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीम) मी नव्याने न बसवता, आरसिंक या फायलींची नक्कल करणाऱ्या साधनाने सर्व सेटिंगांसह ५०० जीबीच्या एसएसडीवर नेली. डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या डीडी या आज्ञेचा विचार आधीच सोडावा लागला, कारण ती आज्ञा पार्टिशनमधील (डिस्कच्या विभागातील) रिकामे ब्लॉकही उचलते आणि मोठे पार्टिशन लहान जागेत मावत नाही. शिवाय डीडीच्या प्रतीचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) मूळ पार्टिशनचाच राहतो, त्यामुळे दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना नेमकी कोणती प्रत सुरू झाली आहे याचा भरवसा उरत नाही. आरसिंक फक्त फायली नेतो, ही त्याची जमेची बाजू.

काम लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे यूएसबीवरूनच चालणाऱ्या वेगळ्या लिनक्समधून केले. चालू सिस्टीमच्या लॉग आणि डेटाबेस फायली नक्कल होत असतानाच बदलत राहतात. लाइव्ह यूएसबीवर तो प्रश्न येत नाही, आणि प्रॉक व सिस या, चालू सिस्टीममध्ये कर्नल (सिस्टीमचा गाभा) भरत असलेल्या डिरेक्टरीही रिकाम्याच मिळत असल्याने त्या वगळण्याची यादी करावी लागत नाही. आरसिंकचा आर्काइव्ह पर्याय मात्र नावाइतका परिपूर्ण नाही: हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावे), एसीएल (सविस्तर परवानग्या) आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (फाइलला जोडलेली जादा माहिती) यांसाठी वेगळे पर्याय द्यावे लागतात. व्हर्च्युअल मशीनच्या विरळ (रिकाम्या भागांना डिस्कवर जागा न घेणाऱ्या) डिस्क फायली असल्यास स्पार्स पर्यायही हवा, नाहीतर त्या नव्या डिस्कवर पूर्ण आकाराने फुगतात.

नक्कल झाल्यावर क्रूट करून (नव्या प्रतीच्या आत शिरून) एफएसटॅब या पार्टिशनांच्या यादीत नवे यूयूआयडी लिहिले, ईएफआय (संगणक सुरू करण्यासाठीच्या) पार्टिशनवर ग्रब हा बूटलोडर बसवला आणि सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी सिस्टीम, म्हणजे इनिट्रॅमएफएस, पुन्हा तयार केली. बहुतेक मार्गदर्शिका येथेच थांबतात. पण डेबियनमध्ये इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी डिरेक्टरीत रिझ्यूम नावाची एक छोटी फाइल असू शकते आणि तिच्यात जुन्या स्वॅपचा (रॅमला पूरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या डिस्कच्या भागाचा) यूयूआयडी लिहिलेला असतो. जुनी डिस्क जोडलेली असेपर्यंत तो स्वॅप सापडत असल्याने काहीच जाणवत नाही. ती काढल्यावर मात्र संगणक सुरू होताना नसलेल्या स्वॅपची वाट पाहत अर्धा मिनिट खोळंबतो. म्हणून जुनी डिस्क काढून एकदा संगणक सुरू केल्याशिवाय स्थलांतर पूर्ण झाले असे मी मानत नाही.

त्यानंतर कर्नलची अद्ययावतीकरणे आली आणि प्रत्येक वेळी ग्रबची यादी नव्या डिस्कच्याच यूयूआयडीने तयार झाली. माझ्या दृष्टीने खरी परीक्षा तीच होती. एसएसडीला मोकळ्या झालेल्या जागेची माहिती देणाऱ्या एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर सुरू आहे. वेगाबद्दल वेगळे सांगायला नको. तक्रार एकच आहे: लहान फायली लाखोंनी असल्या की आरसिंक रेंगाळतो, आणि प्रगती दाखवण्याचा पर्याय दिला नसेल तर काम चालू आहे की अडकले आहे हेही कळत नाही.

हीच प्रत दुसऱ्या संगणकावरही चालवायची असल्यास तेथे मशीन-आयडी (सिस्टीमची ओळख) आणि एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या होस्ट की (संगणकाची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) नव्याने तयार कराव्यात, कारण आरसिंक त्याही इमानाने जशाच्या तशा नेतो.