राणीबाग की कात्रज? चिपळूणहून निघणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना प्राणी बघायला कुठे नेऊ, असा धाकट्या भावाचा फोन होता. मुंबईची राणीबाग आणि पुण्याचं कात्रजचं प्राणीसंग्रहालय, मी दोन्हीकडे जाऊन आलोय, तेव्हा बोलायला हरकत नाही.

खरं तर चिपळूणकराने मगर बघायला मुंबई गाठावी हा विनोदच. थंडी पडली की वाशिष्ठीच्या काठावर त्या ऊन खात पडलेल्याच असतात. पण पुलावरून दिसते ती पाठ, नाहीतर नुसतं नाक. राणीबागेत आता मगरींना पाण्याखालून बघायची काचेची गॅलरी झालीय. पांढरट पोट, लोंबते पाय, शेपटीचा एक संथ हेलकावा. इतकी वर्षं शेजार असून मी हे बघितलं नव्हतं. पेंग्विनचं तर सांगायलाच नको. 2016 साली सोलहून आले, 2017 पासून सगळ्यांना बघता येतात. चार वर्षांच्या पोराला तिथून हलवायचं तर उचलूनच न्यावं लागतं. आमच्या लहानपणीचे गजांचे पिंजरे डोक्यात असतील, तर आताची बाग ओळखू यायची नाही.

माझं अडलं ते वाघापाशी. मोठी काच, पलीकडे वाघ, हाताच्या अंतरावर. पण दुपारचं ऊन असं की वाघाच्या पोटावर माझाच पिवळा शर्ट. बाजूला मोबाईलची रांग, कुणीतरी काचेवर टकटक करतंय. तेवढ्यात वाघाने जबडा उघडला. लेकीने विचारलं, "बाबा, तो ओरडला की जांभई दिली?" मला सांगता येईना. काच हवीच, त्यात कुणाचा दोष नाही. पण आवाज नाही, वास नाही, मग घरी टीव्हीवर बघितला असता तरी काय बिघडलं असतं?

आमच्याकडे वाघ म्हणजे बिबट्या. पट्टेवाला तो ढाण्या. बिबट्या दिसतो कुणाला? वाडीतली कुत्री एकदम पडवीत येऊन गप्प बसली की समजायचं. कदाचित म्हणूनच मला ते मूकपण जास्त खुपलं असेल.

कात्रजला खंदकापलीकडे प्राणी लांब असतो. अर्धा तास गवतात नुसतं शेपटीचं टोक बघत उभे होतो. मग ऊन उतरल्यावर वाघ उठला आणि खालच्या पट्टीत असा काही हुंकारला की लेकीने माझं बोट घट्ट धरलं. वाऱ्याबरोबर तो उग्र दर्पही आला. जांभई की डरकाळी, हे विचारायची वेळच आली नाही. शिवाय तिथला गवा सावकाश बघता येतो. आपल्याकडे तो दिसला तर आपण पळत असतो.

आवार 130 एकरांचं आहे. आईचे गुडघे अर्ध्यातच बोलायला लागले, मग तिला बॅटरीवरच्या गाडीत बसवलं. सोबत अगदी लहान पोर किंवा म्हातारं माणूस असेल, तर दादरला उतरून लोकलने भायखळा हेच बरं. पोरं सहा-सातच्या पुढची असतील आणि घरची गाडी असेल, तर मी कुंभार्ली घाट चढून साताऱ्यावरून कात्रजला जाईन.

बुधवारी दोन्हीकडे सुट्टी असते, तेवढं बघून निघ म्हणावं. आणि दुर्बीण हवी तर माझी ने, पण दिवाळीनंतर परत दे. लेकीने नाताळात पुन्हा कात्रजला जायचं ठरवून टाकलंय.